पॉवर बीआयचा रिपोर्ट : आकडा बघण्याआधी काय काय बघायचं?

कृष्णाकाठ

बऱ्याच कंपन्यांत सोमवारची एक्सेल शीट बंद होऊन तिच्या जागी पॉवर बीआयची (कंपनीचे आकडे चार्टमध्ये दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) लिंक आली आहे. आमच्याकडेही आली. मी शेतीपंप आणि पाइप विकणाऱ्या कंपनीच्या सांगली डेपोत सेल्स कोऑर्डिनेशन बघते. एरिया मॅनेजर, डेपो इनचार्ज, बिलिंगची मुलं-मुली यांना हा रिपोर्ट वापरायला शिकवणं हे माझ्याकडचं काम. रिपोर्ट बनवायचा कसा याचे व्हिडिओ ढिगानं सापडतात. ज्याला तो फक्त वापरायचाय, त्याला कुणी काही सांगत नाही. म्हणून हा धागा.

मूळ मुद्दा आधी मांडते. मेलवर आलेली एक्सेल शीट सगळ्यांना सारखी दिसायची. रिपोर्ट तसा नसतो. तुम्ही आधी कुठे क्लिक केलं होतं, तुमचा लॉगिन कुठला, डेटा शेवटचा कधी भरला गेला, यावर आकडा ठरतो. त्यामुळे एकच रिपोर्ट दोघांना दोन आकडे दाखवतो आणि दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. मीटिंगमधली निम्मी भांडणं इथून सुरू होतात.

रिपोर्ट उघडला की आधी वरच्या पट्टीत नावाशेजारी 'डेटा अपडेटेड' अशी तारीख असते ती बघा. तिथे क्लिक केलं की वेळही दिसते आणि रिपोर्ट कुणाच्या ताब्यात आहे तेही कळतं. सकाळी सातला भरलेल्या डेटात अकराचं बिल शोधून उपयोग नाही. प्रो लायसन्सवर दिवसात जास्तीत जास्त ८ वेळा ठरवून रिफ्रेश (डेटा नव्यानं भरणं) लावता येतो, प्रीमियमवर ४८ वेळा. तुमच्या कंपनीनं किती आणि कुठल्या वेळा ठेवल्यात ते एकदा विचारून घ्या आणि डेस्कवर चिकटवून ठेवा.

मग फिल्टर. पॉवर बीआय तुमची मागची निवड लक्षात ठेवतो. शुक्रवारी तुम्ही स्लायसरमध्ये (पानावरच्या निवडीच्या यादीत) फक्त 'कोल्हापूर' निवडून टॅब बंद केलात, तर सोमवारी रिपोर्ट कोल्हापूरच दाखवतो. आमच्या एका एरिया मॅनेजरांचा सकाळी सकाळी फोन आला, विक्री एकदम निम्म्यावर कशी काय आली म्हणून. विक्री जागेवर होती, जिल्हा एकच निवडलेला होता. वर उजवीकडे गोल फिरणाऱ्या बाणाचं 'रीसेट' बटण असतं, ते दाबलं की बनवणाऱ्यानं ठेवलेल्या मूळ स्थितीत रिपोर्ट येतो. आमच्याकडे मी नियमच केलाय: उघडा, रीसेट करा, मग बघा.

स्लायसर म्हणजे पानावर समोर दिसणारी यादी किंवा ड्रॉपडाउन. उजवीकडे आत सरकवलेला 'फिल्टर्स'चा कप्पा वेगळा, तो बरेच जण कधी उघडतच नाहीत. त्यात तीन थर असतात: त्या एका चार्टपुरता, त्या पानापुरता आणि सगळ्या रिपोर्टला लागू. काही फिल्टर कुलूप लावलेले असतात, दिसतात पण बदलता येत नाहीत. काही तर लपवलेले असतात. एका चार्टवर नेमकं काय लागू आहे ते बघायचं असेल तर त्या चार्टवर माउस न्या, कोपऱ्यात नरसाळ्याचं चिन्ह येतं, त्यावर माउस थांबवला की यादी उघडते. एवढी एक सवय लावून घेतलीत तरी पुष्कळ.

स्लायसरमध्ये दोन-तीन जिल्हे एकदम निवडायचे तर कंट्रोल दाबून क्लिक करा, नाहीतर दुसरा निवडताच पहिला जातो. सगळी निवड काढायला स्लायसरवरच खोडरबराचं चिन्ह असतं.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो ते. चार्टवर क्लिक करणं. समजा डाव्या बारचार्टमध्ये जिल्हे आहेत आणि उजवीकडच्यात उत्पादनं. तुम्ही 'सातारा'च्या बारवर क्लिक केलं. उजवीकडचे बार नाहीसे होत नाहीत. प्रत्येक बार फिकट होतो आणि त्याच्या आत गडद भाग उरतो. गडद भाग साताऱ्याचा, फिकट लांबी सगळ्यांची मिळून. पण वरच्या कार्डमधला (एकच आकडा दाखवणाऱ्या चौकटीतला) मोठा आकडा मात्र सरळ बदलून साताऱ्याचा होतो, कारण कार्डाला फिकट-गडद दाखवता येत नाही. लाइनचार्टचंही तसंच. म्हणजे एकाच पानावर अर्धे चार्ट 'सगळ्यांपैकी सातारा' दाखवतायत आणि अर्धे 'फक्त सातारा'. याचा कुणी मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकला की पुढची चर्चा भलतीकडेच जाते. त्याच बारवर परत क्लिक करा किंवा चार्टच्या रिकाम्या जागेवर क्लिक करा, निवड सुटते.

फोटोऐवजी 'शेअर' वापरा. त्यात 'माझे बदल धरून' असा पर्याय असतो. तो ठेवलात तर समोरच्याला तुम्ही बघताय तीच स्थिती उघडते, आणि त्याला तिथून पुढे खोदताही येतं. अर्थात त्याला परवानगी हवी.

ड्रिलबद्दल, म्हणजे आकड्याच्या पोटात शिरून तपशील बघण्याबद्दल, खाली वेगळ्या प्रतिसादात लिहिते, तो विषय मोठा आहे. प्रश्न विचारा, आपापल्या ऑफिसातले अनुभवही टाका. कंपनीचं नाव आणि खरे आकडे मात्र टाकू नका.

---

सुतगिरणी_रोड

ताई, वेळेवर धागा. आमच्याकडे गेल्याच महिन्यात हे आलंय आणि सगळे जुनी शीट परत मागतायत. ड्रिलचं लवकर लिहा.

---

कृष्णाकाठ

लिहिते.

टॅली वापरलेल्यांना ड्रिल नवं नाही. ग्रुपवर एंटर मारला की लेजर, लेजरवर एंटर मारला की व्हाउचर, एस्केपनं मागे. पॉवर बीआयमध्ये तेच काम बाणांनी होतं. चार्टवर माउस नेला की वर बाण दिसतात, आणि तीन खालचे बाण तीन वेगळी कामं करतात.

एकेरी खालचा बाण हा नुसता स्विच आहे. तो चालू केला की ज्या बारवर क्लिक कराल त्याच्याच पोटात जाता येतं. २०२४ वर क्लिक केलं तर २०२४ च्या तिमाही, आणखी आत गेलात तर महिने. तो बंद असताना क्लिक केलं तर वर सांगितलेलं फिकट-गडद होतं. 'माझ्याकडे क्लिक केल्यावर आत जातच नाही' अशी तक्रार असेल तर आधी हा स्विच बघायचा.

जोडबाण सगळ्या चार्टला एकदम पुढच्या पातळीवर नेतो, आणि इथेच फसगत होते. वर्षावरून तिमाहीवर गेलात की वर्ष गळून पडतं. 'क्वार्टर १' असा एकच बार येतो आणि त्यात रिपोर्टमधल्या सगळ्या वर्षांच्या पहिल्या तिमाहीची बेरीज असते. तीन वर्षांचा डेटा असेल तर तिन्हींची. बार उंच दिसतो, माणूस खूश होतो.

तिसरं चिन्ह काट्यासारखं, एका दांड्याला दोन फांद्या असलेलं. ते वर्ष तसंच ठेवून खाली तिमाही उघडतं: २०२३ क्वार्टर १, २०२३ क्वार्टर २ असं ओळीनं. वर्षावर्षांची तुलना करायची असेल तर नव्याण्णव वेळा हेच हवं असतं. वरचा बाण म्हणजे एक पायरी मागे.

'ड्रिल थ्रू' हे आणखी वेगळं. डीलरच्या नावावर राइट क्लिक करा. मेनूत 'ड्रिल थ्रू' दिसलं तर बनवणाऱ्यानं त्या डीलरसाठी वेगळं तपशिलाचं पान केलेलं आहे. तिथे गेल्यावर सगळं त्या एका डीलरचं दिसतं: बिलं, येणं, कुठली पंपाची मॉडेल घेतो ते. परत यायला डाव्या कोपऱ्यात बाण. आमच्या एरिया मॅनेजरांनी हे एकदा पाहिल्यापासून डीलरकडे जाण्याआधी गाडीत बसल्या बसल्या ते पान उघडतात. माझ्या मते सबंध रिपोर्टमधली सगळ्यात उपयोगाची सोय हीच, आणि ती राइट क्लिकमध्ये दडून बसलीय.

---

मुळामुठा

मी पुण्यात हे रिपोर्ट बनवण्याचंच काम करतो. कृष्णाकाठ यांनी वापरणाऱ्याची बाजू इतकी नीट मांडलीय की आमच्या टीमला हा धागा पाठवतोय. बनवणाऱ्याच्या बाजूनं दोन-तीन गोष्टींची भर.

तिमाहीचा आणखी एक घोळ आहे. तारखेचं फील्ड तसंच चार्टवर ओढलं की पॉवर बीआय स्वतःहून वर्ष-तिमाही-महिना-दिवस अशी उतरंड बनवतो, ती इंग्रजी कॅलेंडरची. म्हणजे त्याचा 'क्वार्टर १' जानेवारी ते मार्च. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, आपली पहिली तिमाही एप्रिल ते जून. रिपोर्टमध्ये वर्ष '२०२४' असं लिहिलेलं दिसलं आणि '२०२४-२५' असं नसलं, तर बनवणाऱ्याला लगेच विचारा. यावर उपाय आहे: वेगळं कॅलेंडर टेबल करून त्यात आर्थिक वर्ष आणि तिमाहीचे कॉलम ठेवायचे. 'वर्षारंभापासून आजवर'चं मेझर (आकडा काढायचं सूत्र) लिहितानाही वर्ष ३१ मार्चला संपतं हे फंक्शनला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ते जानेवारीपासून बेरीज करत बसतं.

दुसरं, लाख-कोटी. चार्टवर आकडे 'ऑटो'वर ठेवले की के, एम, बीएन येतात. के म्हणजे हजार, एम म्हणजे दहा लाख, बीएन म्हणजे शंभर कोटी. १२.५ एम दिसलं तर ते सव्वा कोटी. साडेबारा लाख समजून, किंवा कुणी साडेबारा कोटी समजून, बोलणारे मी मोठमोठ्या हुद्द्यांवर पाहिलेत. यादीतल्या तयार एककांत लाख-कोटी नाही. मी सरळ मेझरलाच एक कोटीनं भागतो आणि नावातच 'विक्री, कोटी रु.' असं लिहितो. साधा उपाय आहे, पण वाचणाऱ्याला डोक्यात हिशोब करावा लागत नाही.

तिसरं, तुमचा आकडा आणि साहेबांचा आकडा वेगळा येण्याचं एक रास्त कारण. 'रो लेव्हल सिक्युरिटी' लावलेली असेल तर लॉगिनप्रमाणे ओळीच कमी-जास्त दिसतात. सांगलीच्या माणसाला सांगलीच्याच ओळी. त्याच्या पानावर 'एकूण' असं लिहिलेलं असलं तरी ते त्याच्यापुरतं एकूण. रीसेट करून हे बदलत नाही. आणि बनवणाऱ्यांनी ध्यानात ठेवायचं की ही बंधनं फक्त व्ह्यूअरला, म्हणजे नुसतं बघण्याची परवानगी असलेल्याला, लागतात. कुणाला सोय म्हणून वर्कस्पेसमध्ये (रिपोर्ट जिथे बनतात आणि ठेवतात त्या जागेत) मेंबर किंवा काँट्रिब्यूटर केलंत, तर त्याला सगळं उघडं.

---

हिशोबनीस

इचलकरंजीतून लिहितोय, अकाउंट्स बघतो. माझी तक्रार वेगळी आहे. टेबलमधल्या ओळींची बेरीज आणि खालचं टोटल जुळत नाही. आमच्या पेशात हे चालत नाही. कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं. 'सक्रिय ग्राहक' या कॉलममध्ये टोटल कमी येतं, आणि टक्केवारीच्या कॉलममध्ये तर कशाचाच मेळ नाही. हा रिपोर्ट चुकलाय की काय?

---

कृष्णाकाठ

काका, बहुतेक चुकलेला नसेल. एक्सेलमध्ये टोटल म्हणजे वरच्या ओळींची बेरीज. पॉवर बीआयमध्ये टोटलची ओळ वरच्या ओळींकडे बघतच नाही, तोच प्रश्न सगळ्या डेटावर नव्यानं विचारते.

समजा सांगलीत १२० डीलरांनी माल घेतला, कोल्हापुरात ९०, साताऱ्यात ७०. बेरीज २८०. टोटलमध्ये दिसतात २५५. कारण २५ डीलर असे की त्यांनी दोन डेपोंतून माल उचललाय. ते प्रत्येक डेपोत मोजले जातात, पण एकूणात एकदाच. कंपनीकडे डीलर २५५ च आहेत, २८० म्हणणं चूक होईल. विक्रीच्या रुपयांचं टोटल मात्र ओळींच्या बेरजेइतकंच यायला हवं. तिथे फरक असेल तर जरूर विचारा.

---

दूधगंगा

टक्केवारीचं मी सांगतो, आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. दूध संघात काम करतो. दोन केंद्रं घ्या. एकावर गाईचं ९०० लिटर, फॅट ३.५. दुसऱ्यावर म्हशीचं १०० लिटर, फॅट ६.५. दोन्हींची सरासरी काढली तर ५.० येते. पण टाकीत एकत्र केलेल्या दुधाचं फॅट ५.० कधीच लागणार नाही. पहिल्यात साडेएकतीस भाग फॅट, दुसऱ्यात साडेसहा, मिळून ३८ भाग, ते १००० लिटरमध्ये. म्हणजे ३.८. नीट बनवलेल्या रिपोर्टच्या टोटलमध्ये ३.८ च दिसलं पाहिजे. ५.० दिसलं तर तो रिपोर्ट चुकलाय. हिशोबनीस, तुमच्या मार्जिनच्या टक्क्यांनाही हेच लावून बघा.

आता माझा प्रश्न, मुळामुठा यांना. आमच्याकडे 'आज सुटलेले टँकर' असं कार्ड आहे. मी पहाटे पाचला चिलिंग सेंटरवर असतो. रात्री बारानंतर सुटलेले टँकर त्यात दिसत नाहीत, आदल्या दिवसाचे दिसतात. सहाच्या सुमाराला बघितलं की सगळं ठीक. डेटा तर थेट येतो, रिफ्रेशची वाट बघावी लागत नाही. मग हे काय?

---

मुळामुठा

साडेपाचला ठीक होतं का बघा, सहाला नव्हे. पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतं. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे पहाटेचे पाच म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेअकरा, त्यामुळे तिथला 'आज' अजून कालचाच. आजची तारीख देणारं फंक्शन आणि 'आज', 'गेले सात दिवस' असे सापेक्ष तारखेचे फिल्टर, दोन्हींना हे लागू. दहा ते सहाच्या ऑफिसात कुणाच्या लक्षात येत नाही. दूध, भाजी मार्केट, वर्तमानपत्रं, रात्रपाळीचे कारखाने यांना रोज नडतं.

उपाय: सापेक्ष फिल्टर काढून टाका. यूटीसीची आत्ताची वेळ देणारं फंक्शन वापरून त्यात साडेपाच तास मिळवा, त्यातली तारीख घ्या आणि 'आज' त्यावर ठरवा. बनवणाऱ्याला हे दोन वाक्यांत सांगितलंत तरी पुरे. गंमत म्हणजे त्याच्या लॅपटॉपवर हा दोष बहुतेक दिसणार नाही, कारण पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये (रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) आजची तारीख देणारं फंक्शन लॅपटॉपचं स्थानिक घड्याळ वापरतं. म्हणून तो 'माझ्याकडे तर बरोबर येतंय' म्हणेल. त्याला पहाटे पाचचा स्क्रीनशॉट पाठवा.

---

दूधगंगा

आता कळलं. धन्यवाद. उद्या पहाटे ५.२० ला आणि ५.३५ ला बघतो.

---

स्वानंदी_ठाणे

एक्सपोर्टबद्दल कुणी सांगेल का? मी एमआयएसमध्ये (कंपनीचे अहवाल काढणाऱ्या विभागात) आहे. दर महिन्याला टेबल एक्सेलमध्ये उतरवते. या वेळी ओळी कमी आल्या. एरर वगैरे काही आली नाही.

---

कृष्णाकाठ

सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी साधी मजकूर फाईल) उतरवलंत का? सीएसव्हीला ३०,००० ओळींची मर्यादा आहे, एक्सेल फाईलला १,५०,००० ची. तुमचा आकडा तिथेच अडकला असेल तर एक्सेल घ्या, किंवा स्लायसरनं महिने पाडून तुकड्यांत उतरवा.

चार्टच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'एक्सपोर्ट डेटा' आहे. तिथे पर्याय असतात. 'करंट लेआउट' म्हणजे टेबल दिसतं तसंच. 'समराइज्ड' म्हणजे चार्टमागची गोळाबेरीज. 'अंडरलाइंग' म्हणजे त्यामागच्या मूळ ओळी, आणि हा पर्याय बरेचदा कंपनीनं बंद ठेवलेला असतो. एक्सेल फाईलमध्ये त्या वेळी लागू असलेल्या फिल्टरची नोंदही येते. लोक ती ओळ कचरा समजून उडवतात. कृपया उडवू नका, महिनाभरानं ही फाईल कशाची होती ते तीच सांगते.

आणि दर महिन्याला तेच सहा फिल्टर लावत असाल तर एकदाच लावून 'पर्सनल बुकमार्क' करा. एका रिपोर्टला असे २० पर्यंत करता येतात, ते फक्त तुम्हालाच दिसतात, त्यातला एक उघडताच येईल असाही ठेवता येतो. पीडीएफ काढताना 'करंट व्हॅल्यूज' निवडायला विसरू नका, 'डिफॉल्ट' ठेवलंत तर तुमचे फिल्टर न धरता मूळ स्थितीतलं पान छापून येतं.

---

स्वानंदी_ठाणे

सीएसव्हीच होतं, आणि मोजल्या तर बरोबर तीस हजार ओळी. बुकमार्कचं माहीतच नव्हतं, आजच करते. खूप आभार ताई.

---

श्रवणवेळ

मी दृष्टिहीन आहे, एनव्हीडीए (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरून काम करतो, एका वित्त कंपनीत. पॉवर बीआय कीबोर्डवरून चालवता येतो हे इथे नोंदवून ठेवतो, कारण माझ्या आधीच्या साहेबांना ते पटतच नव्हतं.

कंट्रोल एफ ६ नं पानाच्या वेगवेगळ्या भागांत जाता येतं: मेनू, पानं, कॅनव्हास (जिथे चार्ट असतात तो भाग), फिल्टर. कॅनव्हासवर टॅबनं एका चार्टवरून दुसऱ्यावर. चार्टच्या आत शिरायला कंट्रोल आणि उजवा बाण, बाहेर यायला एस्केप. ऑल्ट शिफ्ट एफ ११ दाबलं की चार्टचं टेबल होऊन समोर येतं आणि ते ओळीओळीनं ऐकता येतं. प्रश्नचिन्ह दाबलं की सगळ्या शॉर्टकटची यादी. हे डोळस लोकांनाही उपयोगी आहे, बार नेमका केवढा ते टेबलमध्ये कळतं.

मुळामुठा यांच्यासारख्या बनवणाऱ्यांना कळकळीची विनंती. चार्टला शीर्षक द्या, ऑल्ट टेक्स्ट (चार्टचं शब्दांतलं वर्णन) लिहा आणि 'सिलेक्शन' कप्प्यात टॅबचा क्रम लावा. क्रम लावलेला नसतो तेव्हा मी कंपनीचा लोगो, एक रंगीत पट्टी, दुसरी रंगीत पट्टी असं करत करत शेवटी विक्रीच्या आकड्यापाशी पोचतो. आणि टार्गेट पूर्ण झालं की नाही हे फक्त लाल-हिरव्या रंगानं सांगू नका. माझ्यासाठी रंग नसतोच, आणि लाल-हिरव्यात फरक न कळणारे सहकारी तुमच्या टीममध्येही असतील.

---

मुळामुठा

क्रम लावायचं काम आम्ही शेवटी ठेवतो आणि शेवटी वेळ उरत नाही. तुम्ही लिहिलेलं वाचून आमच्या तपासणीच्या यादीत ते पहिल्या भागात टाकलं. रंगाबरोबर चिन्ह आणि शब्दही देतो यापुढे.

---

काजूबाग

सावंतवाडीजवळ आमचा छोटा काजू प्रक्रियेचा धंदा आहे. घरची चार माणसं आणि हंगामात बाहेरच्या बायका. बीपासून गर किती निघाला, कुठल्या दुकानाला किती गेला, हे मुलगी गूगल शीटमध्ये भरते. पॉवर बीआयच्या लायसन्सचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. असं काही फुकटात होतं का? गोव्यातल्या दोन दुकानदारांना आणि आमच्या सीएंना बघायला द्यायचंय.

---

मुळामुठा

तुमच्यासाठी गूगलचं लुकर स्टुडिओ. त्याला आधी डेटा स्टुडिओ म्हणत. गूगल शीट थेट जोडता येते, मूळ आवृत्ती फुकट आहे, बघणाऱ्यालाही पैसे पडत नाहीत. वर तारखेचं कंट्रोल आणि दुकानाचा ड्रॉपडाउन ठेवा, खाली ग्रेडप्रमाणे विक्री आणि बीमागे गराचा उतारा. उताऱ्याची टक्केवारी काढताना दूधगंगा यांचा हिशोब लक्षात ठेवा, एकूण गर भागिले एकूण बी असंच मेझर करा, रोजच्या टक्क्यांची सरासरी नको. शीटमध्ये भरलेलं लगेच दिसलं नाही तर घाबरू नका, शीटमधला डेटा नव्यानं आणायला मुळात १५ मिनिटांची मुदत ठेवलेली असते.

शेअरिंगचं मात्र नीट करा. 'लिंक असलेला कुणीही' हा पर्याय वापरू नका. एका दुकानदाराला तुम्ही दुसऱ्याला कुठल्या भावानं देता ते दिसायला नको. दोघांसाठी वेगळे रिपोर्ट करा आणि प्रत्येकाला त्याच्या ईमेलवर फक्त बघण्याची परवानगी द्या. मूळ शीट त्यांना द्यायची गरज नाही, तुमच्या परवानगीवर रिपोर्ट डेटा दाखवतो. डाउनलोड आणि छपाई बंद करायचीही सोय शेअरिंगमध्ये आहे.

हे पॉवर बीआयवाल्यांनीही वाचा. त्यात 'पब्लिश टू वेब' नावाचा पर्याय आहे. लॉगिनची कटकट नको म्हणून तो वापरलेला मी पाहिलाय. त्यानं रिपोर्ट इंटरनेटवर जगजाहीर होतो, पासवर्ड नाही, काही नाही. कंपनीच्या आकड्यांसाठी तो पर्याय नाहीच.

---

काजूबाग

भावाचं लक्षातच आलं नव्हतं. दोन वेगळे करायला सांगते मुलीला. सीएंना सगळं दिसेल असा तिसरा.

---

हिशोबनीस

दूधगंगा आणि ताई, दोघांचं पटलं. मार्जिनचं तसंच करून बघितलं, टोटल बरोबर निघालं. एकूण मार्जिन भागिले एकूण विक्री.

पण विक्रीचा आकडा पुस्तकाशी अजून जुळत नव्हता, त्याचं कारण काल सापडलं, ते सगळ्यांच्या कामाचं आहे. रिपोर्टमधली विक्री जीएसटी धरून होती. १८ टक्के दराच्या मालाचं ११८ रुपयांचं बिल झालं तर माझ्या पुस्तकात विक्री १००, रिपोर्टमध्ये ११८. शिवाय परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा रिपोर्टमध्ये वजाच नव्हत्या. आकड्यावर माउस नेला की जी छोटी चौकट येते तिथे 'करासह, परतावा वगळलेला नाही' एवढं लिहिलेलं असतं तरी माझे कितीतरी तास वाचले असते. आमच्या एमआयएसवाल्या मुलीला आता तसं लिहायला सांगितलंय. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवणारही आहे ती, सेल्सवाल्यांना एक आणि आम्हाला एक.

अजून एक राहिलंच. मार्चचा आकडा एप्रिलच्या पाच तारखेला वेगळा आणि वीस तारखेला वेगळा दिसतो. मागच्या तारखेच्या क्रेडिट नोटा येत राहतात, त्यामुळे. यावर काय करता तुम्ही?

---

कृष्णाकाठ

काका, रिपोर्ट नेहमी आत्ताचं चित्र दाखवतो, तेव्हाचं ठेवत नाही. आम्ही महिना बंद झाल्याच्या दिवशी रीसेट करून पीडीएफ काढतो, नावात तारीख टाकतो आणि एका फोल्डरमध्ये ठेवतो. इन्सेंटिव्ह त्या पीडीएफवरून ठरतं. नंतरचा फरक पुढच्या महिन्यात धरतो आणि तसं सगळ्या एरिया मॅनेजरांना आधीच लेखी कळवलेलं आहे.

---

दूधगंगा

बघितलं. ५.२० ला जुने टँकर, ५.३५ ला नवे. दोन्ही स्क्रीनशॉट बनवणाऱ्याला पाठवलेत, आज दुपारी बदल करतो म्हणाला.